ओहायोचा फोन

रविवार, ७ मार्च १९९९

लॉवेल,

तुझं पत्र गुरुवारी आलं. तुझ्या आईने ते उभ्या उभ्याच वाचलं, मग खुर्चीत बसून वाचलं, आणि मग माझ्या ताटाशेजारी ठेवून म्हणाली, "शेवटचा परिच्छेद तुझ्यासाठी आहे." मी म्हटलं, बघतो. तो आज बघितला.

आधी इकडचं सांगतो. कोबीची रोपं लावली. थंडी पुन्हा उलटेल असं सगळे म्हणतात, उलटली तर उलटली. टिक म्हातारा झालाय, पण खार दिसली की अजून स्वतःला तरणा कुत्रा समजतो. तुझ्या आईचे गुडघे तसेच. माझाही एक गुडघा हल्ली धरतो, म्हणून मागच्या भेटीला मी आत आलो नाही. तुला आईने सांगितलंच असेल.

आता तुझा परिच्छेद. तू लिहितोस, "आईचा आवाज दर शनिवारी रेडिओवर ऐकतो. इथली सगळी पोरं तिला ओळखतात, ती आली की आपापल्या रेडिओचा आवाज वाढवतात. डॅडी, तुम्हीही एकदा फोन करा. दीड वर्षात तुमचा आवाज ऐकला नाही." वाचलं. क्लाइडचा तो कार्यक्रम मला माहीत आहे. शनिवारी सहाला लागतो, जुनी गाणी वाजवतो, आणि गाण्यांच्या मधे आपल्याकडच्या बायका फोन करून तुरुंगात असलेल्या आपल्या माणसांना निरोप देतात. चांगलं आहे. बायकांना बरं वाटतं.

पण मी त्या गाण्यांच्या वाटेला जात नाही हे तुला लहानपणापासून माहीत आहे. आमच्या चर्चमध्ये ना पेटी ना तार. मी भजनाची एकेक ओळ म्हणून द्यायची आणि सगळ्यांनी ती उचलायची, एवढंच आमचं गाणं. उभा जन्म ओळ देण्यात गेलेल्या माणसाने स्टील गिटारच्या रडारडीत मधेच आपला घसा खुपसायचा, हे दिसायला कसं दिसेल, तूच विचार कर.

तरी बघतो. प्रकृतीला जप.

तुझा बाप,
एस्टिल नेपिअर


मंगळवार, १६ मार्च

लॉवेल,

शनिवारी फोन केला होता. लाइन मोकळी मिळाली नाही. सगळ्या जिल्ह्याच्या बायका एकाच वेळी फिरवत असतात, त्यात माझा कसा लागणार? पुन्हा करीन.

थंडी उलटली. कोबी गेली. तुझी आई म्हणते, मी सांगितलं होतं. सांगितलं होतं हे खरं.

सॉमिलवर नवं पातं बसवलंय. त्याचा आवाज खोऱ्यात इतका घुमतो की दुपारी झोप म्हणून लागत नाही. पूर्वी मी तिथे कामाला होतो तेव्हा हा आवाज कानाला कळतही नव्हता. आता घरात बसून ऐकायचा म्हटलं की डोकं उठतं.

आणखी काय लिहू? तुम्हाला जेवायला काय देतात ते तू कधी लिहीत नाहीस. आई विचारते.

तुझा बाप,
एस्टिल

*(पानाच्या मागे, दुसऱ्या हस्ताक्षरात)*

बाळा, याने पत्र टेबलावर उघडं टाकलं म्हणून मी लिहिते. लाइन लागली नाही हे साफ खोटं. याने फोनला हातसुद्धा लावला नाही. मी स्वयंपाकघरात बीन्स निवडत होते आणि फोन माझ्या डोक्यावरच्या भिंतीला आहे. पाच मिनिटं तो फोनपुढे टोपी हातात घेऊन उभा होता, जसं काही समोर कुणाचं प्रेत ठेवलंय. मग म्हणाला, "टिकला काहीतरी झालंय, बघून येतो," आणि गेला. टिकला काहीही झालेलं नव्हतं. – आई


सोमवार, २९ मार्च

लॉवेल,

तुझ्या आईने पत्राच्या मागे काय लिहिलं ते मला तुझ्या उत्तरावरून कळलं. माझ्या घरात आता माझं पत्रसुद्धा माझं राहिलेलं नाही. आज मी हे सॉमिलच्या वळणावर गाडी उभी करून, मांडीवर फळी ठेवून लिहितोय, म्हणजे मागची बाजू कोरी राहील.

तू रागावला नाहीस. "ठीक आहे डॅडी, नको असेल तर नको," एवढंच लिहिलंस. तू शिव्या दिल्या असत्यास तर मला सोपं गेलं असतं.

तेव्हा खरं लिहितो. माझा गुडघा दुखत नाही. मागच्या भेटीला मी आईला तुझ्या तुरुंगाच्या दाराशी सोडलं आणि गाडी लावायच्या जागेत बसून राहिलो. त्याच्या आधीच्या भेटीला सर्दीचं निमित्त केलं होतं. तीही नव्हती.

आणि त्या गाण्यांचं. मी ऐकतो. आता हसू नकोस. तुझी आई सहाला स्वयंपाकघरात रेडिओ लावते तेव्हा मी तोंड वाकडं करून बाहेर पडतो आणि गाडीत बसून काचा वर करून तोच कार्यक्रम लावतो. ही माझी आजची खोड नाही. तू शाळेत होतास तेव्हाही मी लाकडं टाकायला जाताना लांबच्या रस्त्याने जायचो, का, तर डोंगराच्या त्या बाजूला स्टेशन स्वच्छ लागतं. चर्चमधे कळलं असतं तर माझी ओळ कुणी उचलली नसती. निम्मी गाणी तुरुंगाची असतात. मध्यंतरी एका बाईने क्लाइडला दटावलं, "अरे, आत बसलेल्या पोरांना कशाला पुन्हा तुरुंगाची गाणी वाजवून दाखवतोस?" तो म्हणाला, "ताई, जुन्या गाण्यांतून तुरुंग काढला तर दारू आणि घटस्फोट उरतो, तो लावू का?" मी गाडीत एकटा हसलो. हसलो आणि लगेच मागे वळून बघितलं, कुणी बघत तर नाही.

गाडीतून मला स्वयंपाकघराची खिडकी दिसते. तुझी आई रिसीव्हर कानाला लावून उभी असते, आणि तिचा आवाज माझ्या गाडीतल्या रेडिओतून येतो. ओठ तिथे हलतात आणि शब्द माझ्या गुडघ्यापाशी ऐकू येतात. "लॉवेल, बाळा, मी आई. सगळं ठीक आहे. डॅडीने तुला विचारलंय." दर वेळी सांगते, डॅडीने विचारलंय. मी काहीही विचारलेलं नसतं.

तू विचारशील, मग उचल की फोन, अडलंय कुठे. सांगतो. अडलंय ते ओमा स्टॅम्परपाशी.

आपल्या खोऱ्यात तो रेडिओ प्रत्येक स्वयंपाकघरात लागतो. तिच्याही लागत असणार. तू दारू पिऊन गाडी चालवताना याच वळणावर तिच्या नवऱ्याला, होबर्टला, उडवलंस, तेव्हा तो ज्या पेटीतलं टपाल काढायला रस्त्यावर आला होता, ती टपालपेटी तिने अजून तशीच ठेवली आहे, आणि मी आत्ता इथून ती बघतोय. चर्चमधे ती माझ्यापासून दुसऱ्या बाकावर बसते. मी ओळ देतो आणि ती उचलते. उचलते, लॉवेल. सगळ्यांत तिचा आवाज मला वेगळा ओळखू येतो. गाणं चालू असताना आम्ही सगळे उठून एकमेकांचे हात हातात घेतो, तुला ती रीत माहीत आहे. तेव्हा ती माझाही हात घेते, फक्त माझ्याकडे बघत नाही. दीड वर्ष असं चाललंय. मी चर्चच्या एल्डरला म्हटलं, ओळ देणं दुसऱ्या कुणाला तरी सांगा. ते म्हणाले, ओमाला विचारलं, ती म्हणाली त्यालाच देऊ दे.

आता सांग, त्या बाईच्या स्वयंपाकघरात मी संध्याकाळच्या वेळी रेडिओतून शिरून कोणत्या तोंडाने म्हणू, की लॉवेल पोरा, तुझी फार आठवण येते? तुझी आई म्हणू शकते. ती आई आहे, तिला सगळं माफ आहे. माझी जीभ उचलत नाही. मला तुझी लाज वाटते, आणि तुझी लाज वाटते याचीही लाज वाटते. या दोन्हींच्या मधे मी गाडीत काचा वर करून बसलोय.

हे पत्र आईला दाखवलेलं नाही.

एस्टिल


रविवार, ११ एप्रिल

लॉवेल,

तू ऐकलं असशीलच. सगळ्या जिल्ह्याने ऐकलंय, तेव्हा लपवण्यासारखं काही उरलेलं नाही. पण ते कसं घडलं ते माझ्याकडून ऐक, कारण आईकडून ऐकशील तर ती हसत हसत सांगेल.

मला वाटलं, मधला मार्ग काढावा. तुझ्यापर्यंत आवाजही पोहोचावा आणि ओमाच्या घरात माझं नावही जाऊ नये. म्हणून शनिवारी खिळे आणायचे म्हणून बाहेर पडलो आणि पुलाजवळच्या पेट्रोलपंपावर गेलो. तिथे भिंतीबाहेर फोन आहे. मनात सगळं ठरवून ठेवलं होतं. मी व्हर्जिल साइझमोर, ओहायोत डेटनला असतो, लॉवेल नेपिअरच्या ओळखीचा. आपल्याकडची निम्मी माणसं पोटासाठी ओहायोला गेलेली आहेत, कोण शोधायला जातंय?

फोन पहिल्या फटक्यात लागला. दीड वर्षात सगळ्या लाइनी नेमक्या त्याच दिवशी मोकळ्या होत्या.

क्लाइड म्हणाला, "बोला, तुम्ही रेडिओवर आहात. कुठून बोलताय?"

मी आवाज जाड केला. "ओहायोहून. व्हर्जिल साइझमोर."

"ओहायोहून!" क्लाइड म्हणाला. "वा! व्हर्जिल, आमचा आवाज पुढच्या डोंगरापलीकडेसुद्धा जात नाही. तुम्ही डेटनमधे आम्हाला ऐकता म्हणजे कान फार तिखट आहेत तुमचे."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी डेटन म्हटलंही नव्हतं, त्याने आपलं अंदाजाने म्हटलं, आणि मला वाटलं हा सगळं ओळखून बसलाय. घाम फुटला. तेवढ्यात आतल्या दुकानातून, काउंटरवरच्या रेडिओतून, माझंच बोलणं मला ऐकू यायला लागलं. क्लाइड ओरडला, "तुमचा रेडिओ जरा लहान करा, इकडे शिट्टी वाजतेय." मी लहान कसा करू? तो काचेच्या आत होता, आणि आत चार जण कॉफी पीत होते, आणि चौघेही काचेतून माझ्याकडे बघत होते.

तेव्हाच फोन ठेवायला हवा होता. पण तुझी कोठडी माझ्या डोळ्यांपुढे आली, तो लहान रेडिओ कानाशी धरलेला. मी म्हटलं, "लॉवेल नेपिअरला सांगा, घरी त्याची आठवण काढतात." आणि माझ्या जन्माची सवय आडवी आली. मी ते वाक्य ओळीसारखं दिलं. लांबवून, शेवटाला आवाज खाली सोडून, आणि देऊन झाल्यावर, देवा, मी थांबलो. लोक उचलतील म्हणून थांबलो.

 मग क्लाइड अगदी हळू म्हणाला, "ब्रदर एस्टिल, तुम्हीच ना?"

मी फोन टाकला. हुकावरसुद्धा ठेवला नाही, तो तिथे लोंबकळत राहिला. गाडीकडे जाताना दार उघडून एक जण म्हणाला, "काय व्हर्जिल, डेटनला थंडी आहे का?" दुसऱ्याने त्याला कोपर मारलं. ते कोपर मला त्या चेष्टेहून जास्त लागलं.

घरी आलो तर तुझी आई स्वयंपाकघरात रेडिओ बंद करून बसली होती. मला वाटलं, आता कडाडेल. ती म्हणाली, "खिळे आणलेस?" आणि एवढी हसली, एवढी हसली, की शेवटी तोंडाला ॲप्रन लावून रडायला लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. ती म्हणाली, "एस्टिल, स्वतःचं पोर नाकारायला तू पेट्रोलपंपापर्यंत गेलास?"

मी म्हटलं, नाकारलं नाही, निरोप दिला. पण तिचं बरोबर आहे. लॉवेल, मला धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. आजही वाटतंय. आत तुझ्या शेजाऱ्यांनी ऐकलं असेल, तुझ्याकडे बघितलं असेल. ओहायोचा व्हर्जिल कोण म्हणून तुला विचारलं असेल, आणि तू काय सांगितलंस कुणास ठाऊक. तुझ्या नशिबी असला बाप.

चर्चची सभा आमची महिन्यातून एकदाच भरते, या वेळी पंचवीस तारखेला. तोवर मी खोऱ्याबाहेर पाऊल टाकणार नाही.

एस्टिल


सोमवार, २६ एप्रिल

लॉवेल,

तुझं उत्तर आलं. मी ते दोन दिवस खिशात ठेवून मग उघडलं. तू लिहितोस, शेजारच्या कोठडीतल्या पोराने विचारलं आणि तू सांगितलंस, "व्हर्जिल नाही, तो माझा बाप आहे." एवढं साधं सांगितलंस. मला ते वाक्य तोंडातून काढायला पुलापर्यंत जावं लागलं आणि तरी निघालं नाही.

काल सभा झाली. जायचं नाही असं ठरवलं होतं, पण तुझी आई टोपी घालून गाडीत जाऊन बसली आणि हॉर्न वाजवत राहिली. आता या पत्रात जे लिहितोय ते तुझ्याही कामाचं आहे, म्हणून नीट वाच.

मी उभा राहिलो आणि ओळ दिली. कुणी हसलं नाही. सगळ्यांनी ती उचलली, पण मी कान लावून ऐकलं, ओमाचा आवाज त्यात नव्हता. दुसऱ्या ओळीलाही नव्हता. ती हातातलं पुस्तक मिटून माझ्याकडे बघत होती. दीड वर्षात पहिल्यांदा माझ्याकडे बघत होती, आणि पुढची ओळ माझ्याकडून राहून गेली. बाजूच्या म्हाताऱ्याने ती देऊन वेळ निभावली.

मग हात घ्यायची वेळ आली. लोक उठले. ओमा सरळ माझ्यापुढे येऊन उभी राहिली, हात मात्र दोन्ही बाजूला सोडलेले. मी माझा पुढे केला, तो तसाच राहिला.

ती म्हणाली, "एस्टिल, खटल्याच्या दिवशी तू कुठे होतास?"

मी म्हटलं, "बाहेर. गाडीत."

"मी आत होते. पहिल्या बाकावर. तुझा पोरगा उभा राहिला. त्याच्या वकिलाने त्याला गप्प राहायला सांगितलं होतं, सगळ्यांदेखत कानात सांगत होता. तो गप्प राहिला नाही. त्याने स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं, होबर्टचं पूर्ण नाव घेतलं, आणि म्हणाला, मी त्यांना मारलं. दुसरं काही नाही. रस्ता ओला होता, अंधार होता, काही नाही. घरी जाऊन मी त्याला शिव्या घातल्या. अजून घालते. पण तो नाव सांगून उभा राहिला." मग ती म्हणाली, "आणि तू? तू म्हणे ओहायोचा."

आजूबाजूला गाणं चालूच होतं. कुणी ऐकलं, कुणी नाही, मला माहीत नाही. मी म्हटलं, "ओमा, तुला वाईट वाटेल म्हणून. तू ऐकत असशील म्हणून."

तिला राग आला. लॉवेल, तो राग मी कधी विसरणार नाही. ती म्हणाली, "माझ्या नावावर तुझी भीती खपवू नकोस. मी दर शनिवारी ऐकते. तुझी बायको अर्व्हेला बोलते ते पहिल्या शब्दापासून शेवटापर्यंत ऐकते. कधी रेडिओ बंद करून टाकते, कधी नाही. ते माझं मी बघीन. तुला कुणी सांगितलं माझ्यासाठी लाज वाटून घे म्हणून?"

आणि ती वळून आपल्या बाकावर गेली. माझा हात तसाच पुढे राहिला होता. तो तुझ्या आईने घेतला.

मी जिभेवर लाख सबबी घेऊन जगणारा माणूस आहे, तुला माहीत आहे. पण काल रात्री जेवताना एकही सापडली नाही. आईने मक्याचा पाव पुढे सरकवला, मी तो तसाच ठेवला. तिने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "मी खटल्याला आत नव्हतो." ती म्हणाली, "माहीत आहे मला. मी होते ना." मी म्हटलं, "तो उभा राहून बोलला हे तू मला का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "तू कधी विचारलंस?"

तू तसा उभा राहिलास हे मला दीड वर्षाने, त्या बाईच्या तोंडून कळावं.

शनिवारी सहाला रेडिओ लाव.

डॅडी


रविवार, २ मे

लॉवेल,

तू ऐकलंस. तरी लिहितो, कारण तुझ्याकडे नुसता आवाज आला, आणि स्वयंपाकघरात काय चाललं होतं ते तुला दिसलं नाही.

फोन मी घरातूनच केला. भिंतीवरचाच. आईने रेडिओ लहान केला आणि माझ्या पाठीशी उभी राहिली, मी पळालो तर अडवायला. लाइन चार वेळा व्यस्त लागली, या वेळी खरोखरची. पाचव्यांदा क्लाइड आला. पोर शहाणं आहे, चेष्टा केली नाही. म्हणाला, "बोला, तुम्ही रेडिओवर आहात."

मी जे बोललो ते तुला माहीत आहे. पाठ केलं होतं ते सगळं विसरलो. "मी एस्टिल नेपिअर. लॉवेल नेपिअर माझा मुलगा आहे. त्याने होबर्ट स्टॅम्परला मारलं, म्हणून तो आत आहे. तो माझा मुलगा आहे." दोनदा म्हणालो हे मला नंतर आईने सांगितलं. मग मी म्हटलं, "लॉवेल, मी पुढच्या शनिवारी भेटीला येतोय. गाडीत बसणार नाही." 

क्लाइड म्हणाला, "ब्रदर एस्टिल, त्याच्यासाठी गाणं कोणतं लावू? म्हणजे, तुम्ही ही गाणी ऐकत नाही ते माहीत आहे मला."

मी म्हटलं, "ऐकतो. गाडीत काचा वर करून ऐकतो. तुझ्या आधी तिथे जो बसायचा त्याच्या वेळेपासून ऐकतो." पाठीमागून तुझ्या आईने "अरे देवा" म्हटलं ते तुला रेडिओवर ऐकू गेलं असेल. आता चर्चमधे माझं काय करायचं ते त्यांचं त्यांनी बघावं. मग त्याने आपल्या मनाने ते आगगाडीचं गाणं लावलं. ते संपेपर्यंत मी खुर्चीत बसून होतो आणि माझे गुडघे, लॉवेल, खरोखर थरथरत होते. आई माझ्या डोक्यावरून हात फिरवत होती. मला वाटलं, झालं, संपलं. लाज एकदाची बाहेर आली आणि मी जिवंत आहे.

आणि क्लाइड म्हणाला, "पुढचा फोन. बोला, कुठून?"

"खोऱ्यातून. ओमा स्टॅम्पर."

आईने रेडिओच्या बटणाकडे हात नेला. मी तो धरला. क्लाइड बिचारा गडबडला. म्हणाला, "ओमाबाई, आत... म्हणजे आत तुमचं कोण आहे?"

"आत माझं कुणी नाही," ती म्हणाली. "माझा माणूस टेकडीवर पुरलाय, तुला माहीत आहे. त्याच्या आवडीचं गाणं लाव. त्या कोंबड्यांचं."

"हा कार्यक्रम, म्हणजे..."

"कार्यक्रम कुणासाठी आहे ते मला कळतं. आत पोरं ऐकतात म्हणूनच सांगतेय. लाव."

त्याने लावलं. तुला ते गाणं माहीत आहे, तूच मला त्याची आठवण करून दिली असतीस. सासऱ्याच्या कोंबड्या चोरून त्याच्याच मुलीला मागणी घालायला जाणारा तो वेंधळा. होबर्ट तुम्हा पोरांना बेसबॉलला न्यायचा तेव्हा त्याच्या गाडीत हे लागायचं आणि कोंबडीच्या आवाजाची जागा तो स्वतः भरायचा. तुम्ही सगळे मागे पोट धरून हसायचा. घरी येऊन तू जेवताना कोंबडी व्हायचास, आणि मी तुला टेबलावरून उठवायचो.

मी स्वयंपाकघरात बसून ते हसण्याचं गाणं पहिल्या सुरापासून ऐकलं. मधे कोंबडीची जागा आली. तिथे फिडल वाजते आणि मग जरा मोकळं सोडलंय. त्या मोकळ्या जागेत होबर्ट नव्हता. आईने तोंडावर हात ठेवला. मी हललो नाही. ते संपलं, आणि मधे ओमाचा फोन कधी तुटला ते कुणाला कळलं नाही.

तिने ते का केलं, मला माहीत नाही. माफ केलं असं मी म्हणणार नाही, तिने तसं म्हटलेलं नाही. तुला डागणी द्यायची होती असंही म्हणणार नाही. तो कसा हसायचा ते तुला ऐकवायचं होतं, एवढंच मला दिसतं.

येत्या सभेत ती माझ्यापुढे उभी राहील आणि विचारील. मला ती पक्की माहीत आहे, हात पुढे करण्याआधी विचारील, की तुझ्या पोराने ते गाणं पुरं ऐकलं, की मधेच बंद केलं? मी तिच्याशी आता खोटं बोलणार नाही. तेव्हा जे झालं तेच लिही. बंद केलं असशील तर तसं लिही, मी तिला तसंच सांगीन.

तुझा बाप,
एस्टिल नेपिअर